मेनाच्या नावावर माझी मान

प्रिय गेर्लिंडे,

हे पाकीट बघून तू आधी विचारशील, कोण मेलं? कोणी मेलेलं नाही. आजवर मी तुला नाताळाच्या कार्डावर 'आजी' एवढंच लिहून पाठवलं, तेही तुझ्या आईने पेन्सिलीने रेघ मारून दिल्यावर. माझी शाळा तुला ठाऊक आहे. चार वर्षं इटालियन मास्तराने इटालियनमध्ये झोडपलं, घरी आम्ही जर्मन बोलायचो, आणि जर्मन शिकवायला तेव्हा बंदी, म्हणून जर्मन अक्षरं पाद्रीबाबांच्या गोठ्यात चोरून शिकले. त्यामुळे दोन्ही भाषा मला अर्ध्या अर्ध्याच आल्या. चुका काढत बसू नकोस. तुझ्या त्या नळ्या-बाटल्या बाजूला ठेव आणि खुर्चीवर बसून वाच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा सांगायला नको. मी घाबरले आहे. मला माझ्या मानेची भीती वाटते. उजव्या बाजूला जबड्याखाली बोट ठेवलं की ठोका लागतो ना, तिथल्या नसेची. ती कधीतरी बंद पडणार आणि मी लाकडाच्या ओंडक्यासारखी पडणार, हे मला पाच वर्षांपासून माहीत आहे. तुला माहीत नाही, आणि ते माहीत नसणं ही माझीच करणी आहे.

दोन रविवारांपूर्वी तू खसखशीचा केक घेऊन आलीस. दारातूनच ओरडलीस, "मेनाआजी कुठाय? मेनाआजी, तू आमच्या प्रयोगशाळेत नाव काढलंस!" माझी धाकटी बहीण मेना, जन्मभर याच घरात राहिलेली आणि जन्मभर कुठेही नाव न काढलेली, लोणी घुसळता घुसळता थांबली. तू तिला खुर्चीत बसवलंस, तिचे हात हातात घेतलेस, आणि सांगायला लागलीस. दर पाच वर्षांनी खालच्या गावात ती तपासणी होते, चिठ्ठ्या टाकून नावं काढतात, खाटेवर निजवून मानेला थंडगार चीक लावतात आणि नसेचं चित्र काढतात. रक्ताच्या नळ्या खिंडीपलीकडे इन्सब्रुकला तुमच्याकडे येतात. "नावं आम्हाला दिसत नाहीत, नुसते आकडे असतात," तू म्हणालीस, "पण या एका आकड्याचं नाव प्रोफेसरसाहेबांनी मुद्दाम शोधून काढलं, आणि ते आपल्याच घरचं निघालं!" पाच वर्षांपूर्वी फिलोमेना प्लाटनर हिची उजव्या मानेची नस तिसरा हिस्सा बुजलेली होती. या खेपेला तीच नस तिशीतल्या पोरीसारखी स्वच्छ. प्रोफेसरसाहेबांना आधी यंत्र बिघडलंय असं वाटलं. मग रक्त पाहिलं, तर पेशी ताणात काढतात त्या प्रथिनांवर चालून जाणारी रक्तातली फौजही निम्म्याहून कमी झालेली. "असं कधी होत नाही, मेनाआजी! भिंत एकदा जाड झाली की अशी पातळ होत नाही!" तुझे डोळे असे चमकत होते की मी हातातला पावाचा गोळा उकळत्या पाण्यात सोडायचा तो जमिनीवर सोडला.

मग तू वही काढलीस. जुन्या कागदावर म्हणे लिहिलं होतं, दात स्वतःचे, हिरड्या सुजलेल्या, दोन दाढांत पू. नव्या कागदावर लिहिलं होतं, पूर्ण कवळी. तुझ्या प्रोफेसरसाहेबांनी त्यावर अख्खा इमला उभा केला होता. दाढा गेल्या, दाढांतले जंतू गेले, जंतू गेले म्हणून अंगातली फौज शांत झाली, आणि नस भरून आली. नोव्हेंबरात तू हे व्हिएन्नाला मोठ्या लोकांपुढे उभी राहून सांगणार होतीस. तू पेन्सिल ओठावर ठेवून विचारलंस, "मेनाआजी, कवळी नक्की कधी बसवलीस?" मी टेबलाखाली मेनाच्या पायावर पाय दिला. लाकडी तळव्याच्या बुटातला. "झाली की... तीनचार वर्षं," मेना म्हणाली आणि चुकलेल्या वासरासारखी माझ्याकडे बघायला लागली. ती कवळी सत्तावीस वर्षांची आहे, पोरी. तुझ्या आईच्या लग्नात फोटोत तोंड मिटून बसायला नको म्हणून तिने ती बसवली. तू जन्मल्यापासून तेच दात बघते आहेस, तुला काय कळणार!

ती बुजलेली मान मेनाची नव्हती. माझी होती. पहिल्या दोन्ही खेपांना त्या खाटेवर मी निजले होते.

आता तू म्हणशील, आजी, असं खोटं कसं बोललीस? मी खोटं बोलले नाही, निदान पहिल्या खेपेला तरी नाही. तू शहरात वाढलीस. आमच्या दरीत माणूस कोण हे कोणी विचारत नाही, घर कुठलं ते विचारतात. बर्फाचा कडा कोसळून रस्ता बुजला की पंचायतीचा निरोप येतो, घरामागे एक माणूस, फावडं घेऊन. पाण्याचा पाट उपसायचा, घरामागे एक. मिरवणुकीत झेंडा धरायचा, घरामागे एक. कागदावर बापाचं नाव असो नाहीतर मेलेल्या आजोबाचं, ज्याचे हात मोकळे असतील तो जातो, 'प्लाटनरकडून' म्हणतो आणि कामाला लागतो. दहा वर्षांपूर्वी ते पहिलं पत्र आलं तेव्हा ऐन गवतकापणी होती. नाव मेनाचं, पण मेना वर कुरणात सतरा गाई घेऊन चीज करत बसलेली. तिला खाली आणायचं तर कढईतलं सगळं नासलं असतं. मी म्हटलं, यांना प्लाटनरकडून एक मान हवी आहे ना, मग माझी घ्या म्हणावं. धुतलेला एप्रन बांधला आणि उतरले. टेबलामागच्या मुलीने विचारलं, "प्लाटनर?" मी म्हटलं, "हो." "फिलोमेना?" मी म्हटलं, "तिचंच पत्र आहे." तिने खूण केली आणि मला आत पाठवलं. परत येताना त्यांनी जॅम लावलेला पाव दिला. मला वाटलं, पाट उपसण्यापेक्षा हे बरं.

पाच वर्षांनी दुसरं पत्र आलं तेव्हा मेना घरीच होती. पण मीच म्हटलं, आता ते यंत्र माझ्या मानेला ओळखतं, मलाच जायला हवं. बघ, किती शहाणी! त्या खेपेला गार हातांचा एक उंच डॉक्टर होता. डावी बाजू त्याने भराभर उरकली. उजवीकडे आला आणि थांबला. ते दांडकं मागे-पुढे फिरवत राहिला. मग दाराशी जाऊन दुसऱ्याला बोलावलं, आणि दोघं मिळून पडद्याकडे बघायला लागले. पोरी, गाय अडली की गुरांचा डॉक्टर असाच गप्प होतो. मी विचारलं, "काय, मेलेय की काय मी?" तो हसला नाही. म्हणाला, "फिलोमेनाबाई, इथे भिंत जाड झाली आहे. रोज एक गोळी घ्यायची, दर वर्षी येऊन दाखवायचं, आणि त्या दाढा काढून टाका." महिन्याने रक्ताचा कागद पोस्टाने आला, त्यातही वाईटच लिहिलेलं होतं. कागद आणि गोळ्यांची चिठ्ठी मी चुलीत घातली. मेनाला सांगितलं, "तुझी मान ठणठणीत आहे. शंभर वर्षं माझं डोकं खाशील." दाढा दुखल्या की लवंग आणि घरची दारू, जशी आधी होती तशीच.

का, विचारशील. माझ्या आईबद्दल मी तुला कधी बोलले नाही. मी तेवीस वर्षांची असताना तिला झटका आला. तीन हिवाळे ती घर ऊबवणाऱ्या भट्टीशेजारच्या बाकावर पडून होती. ऐकू सगळं यायचं, बोलता काहीच येत नव्हतं. लोक यायचे, तिच्या तोंडासमोर विचारायचे, "अजून किती दिवस काढेल हो?" तिच्या सख्ख्या बहिणीने तिचा सणावाराचा रेशमी रुमाल तिच्या डोळ्यांदेखत कपाटातून काढून नेला. म्हणाली, "हिला आता काय करायचाय!" जी बाई बाजारात गुरांच्या दलालाला रडवायची, ती नुसती बघत राहिली. मी तिला जवाचं सार भरवायचे, ते अर्धं हनुवटीवरून गळायचं, आणि मी मनात म्हणायचे, मर ना गं एकदाची. हे मी पाद्रीबाबांपुढेही कबूल केलेलं नाही. मरणाला मी भीत नाही, इतकी मेलेली माणसं धुतली आहेत मी. पण त्या बाकाला भिते. म्हणून तर तो मी कोंबड्यांच्या खुराड्याला लावून टाकला.

आणि मग तू त्या प्रयोगशाळेत लागलीस. जगात दुसरी नोकरी मिळाली नाही तुला! तीन वर्षांपूर्वी नाताळाला आलीस, मी कोबी चिरत होते, आणि तू म्हणालीस, "आजी, आम्ही काय शोधतो सांगू?" मी म्हटलं, "गाईला कळेल असं सांग." तू छान सांगितलंस, ते मान्य करते. पेशीला ताप आला, मार बसला, धूर लागला, जंतूंनी छळलं, की ती एक प्रथिन काढते. पडायला आलेल्या गोठ्याला आपण टेकू लावतो, तसा तो टेकू. स्वतःला सावरायला काढलेला. पण हा टेकू फार जुन्या घडणीचा, जंतूंकडेही जवळपास तोच, त्याच तोंडवळ्याचा. अंगातली राखण करणारी फौज जन्मभर जंतूंशी लढून तो तोंडवळा पाठ करून बसलेली असते. मग नसेच्या भिंतीतली एखादी दमलेली पेशी तो टेकू बाहेर दाखवते आणि फौजेला वाटतं, आला शत्रू! ती आपल्याच भिंतीवर तुटून पडते. भिंत सुजते, सुजेत चरबी साठते, वाट अरुंद होते. मानेत जिथे नसेला दोन फाटे फुटतात तिथे रक्त ओढ्यासारखं आपटतं, म्हणून तिथे सगळ्यात जास्त. मी म्हटलं, "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी." तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणालीस, "हे अजून सगळ्यांना पटलेलं नाही हं, आजी. आम्ही पुरावे गोळा करतोय." तेवढ्यात मी बोट कापून घेतलं. तुला वाटलं सुरी निसटली. सुरी निसटली नव्हती. मी माझ्या मानेत ती मारामारी ऐकत होते.

त्या दिवशी मला तुझ्या शास्त्रातलं एकच कळलं. संकटात जी पेशी टेकू मागते तिलाच मार बसतो. मी ठरवलं, आपण मागायचा नाही.

या वसंतात तिसरं पत्र आलं. मी ते एप्रनच्या खिशात घालून आठवडाभर फिरले. त्या खाटेवर पुन्हा निजायचं, पुन्हा तो माणूस गप्प होणार, पुन्हा दुसऱ्याला हाक मारणार. शेवटी मेनाला म्हटलं, "नाव तुझं आहे, या खेपेला तूच जा. मी काय तुझी नोकर आहे?" ती बिचारी नटूनथटून गेली. परत आली ती गुलाबी होऊन. म्हणाली, "त्या डॉक्टरने मला दोनदा विचारलं, बाई, तुम्ही खाता तरी काय? मी म्हटलं, जे आमची ओटिलिया वाढते ते." त्या संध्याकाळी मी मनापासून हसले, गेर्लिंडे. मला वाटलं, आता कागदावर वाईट काही उरलं नाही. कागदावर नाही म्हणजे मानेतही नाही. बहात्तर वर्षांची बाई, आणि अक्कल वासराएवढी.

ऑगस्टमध्ये बटाटे काढताना उजव्या डोळ्यावर पडदा उतरला. वरून खाली, दुकानाचं शटर ओढतात तसा. डावा डोळा मिटला तर सगळं काळं. मी कुदळीला धरून चाळीसपर्यंत मोजलं, मग उजेड परत आला. मेनाला सांगितलं, डोळ्यात माती गेली. आठवड्याने डाव्या हातातून दुधाचा कप सुटला. "म्हातारी झालीस," मेना म्हणाली. मी म्हटलं, "आणि तू काय काल जन्मलीस?" पण तो डावा हात मी उजव्या हातात धरून कितीतरी वेळ बसले. दुसऱ्या कोणाचा तरी हात मांडीवर ठेवून गेल्यासारखा वाटत होता. तेव्हापासून मी मान वळवत नाही. कोणी मागून हाक मारली तर बैलगाडीसारखी अख्खी वळते. खोकला आला तर दाबते. चर्चमध्ये सगळे मान वाकवतात तेव्हा मी ताठ बसते, आणि लोकांना वाटतं प्लाटनरची म्हातारी देवालाही जुमानत नाही. दिवसातून शंभरदा जबड्याखाली बोट ठेवून बघते, ठोका आहे का. असला तर भीती वाटते की किती दिवस, आणि पटकन सापडला नाही तर काय होतं ते लिहीत नाही.

तर व्हिएन्नाला ते बोलू नकोस. तुझ्या प्रोफेसरसाहेबांना सांग की दाढा उपटून कोणाची नस भरून आलेली नाही. दोन बहिणी होत्या, एकीची मान चांगली, एकीची सडकी, आणि त्यांनी दोन्ही एकाच नावाच्या खणात ठेवल्या. साहेब चिडतील. त्यांना म्हणावं, ओरडायचं असेल तर इथे येऊन माझ्यावर ओरडा, मीही काही मुकी नाही. तुझी मान खाली जाईल याचं मला वाईट वाटतं. पण तू खोट्यावर उभी राहून टाळ्या घेतल्यास आणि नंतर कोणी ते उकरलं, तर त्याहून वाईट होईल. एवढं झालं की आणखी एक मागायचं आहे. ते लिहायला हात उचलत नाही. गाई ओरडताहेत. दूध काढून येते, मग लिहिते.

वरचं रविवारी लिहिलं आणि टेबलाच्या खणात टाकलं. दूध काढून आले आणि काही लिहिलं नाही. आज मंगळवार, सकाळचे सात वाजलेत. मघाशी गोठ्यात गाईला हाक मारायला तोंड उघडलं, तर जो आवाज निघाला तो माझा नव्हता. जीभ ओल्या बोळ्यासारखी पडली आहे. मेनाला वाटलं मी सकाळीच घरची घेतली. ती हसली, मग माझं तोंड बघून तिचं हसू जागच्या जागी थिजलं. डावा हात लोंबतोय. उजवा चालतोय तोवर लिहिते. मेनाने रुग्णवाहिका बोलावली आहे, वर यायला तिला वीस मिनिटं लागतील. इस्पितळात ते जुने कागद बघतील. ओटिलियाच्या नावावर तिथे काहीच नाही. फिलोमेनाच्या नावावर आहे ती मान बरी झालेली. मेनाला ते विचारतील, तर ती घाबरून पुन्हा कवळीचंच सांगेल. मला सांगता येत नाही. मी तुझा नंबर फिरवून फोन मेनाच्या हातात देणार आहे आणि इथे बोट ठेवणार आहे, म्हणजे हे एवढंच ती तुला वाचून दाखवेल. पोरी, लगेच इस्पितळाला फोन कर. पाच वर्षांपूर्वीचं उजव्या मानेचं ते चित्र माझं आहे म्हणून सांग. दहा वर्षांपूर्वीचंही माझंच. काय करायचं ते त्यांना आत्ता, लगेच करू दे. मग गाडी काढ आणि ये. मी फार घाबरले आहे. माझं नाव विचारतील, ते नीट सांग, खाली लिहिलंय तसंच.

तुझीच आजी,
ओटिलिया प्लाटनर